शेपटीचा सोस

मुलं मार्गाला लागली, घराचं कर्ज फिटलं आणि गुडघे अजून धड असले, की मराठी पुरुष एक तर अध्यात्माकडे वळतो, नाही तर शेअर बाजाराकडे. आमचे साडू इंग्लंडात रेडिंगला राहतात म्हणून त्यांना तिसरी वाट सापडली. त्यांनी १९७३ सालची एमजी मिजेट घेतली.

एमजी म्हटलं की हल्ली आपल्या डोळ्यांसमोर येते ती गुजरातेत हलोलला तयार होणारी ऐसपैस हेक्टर. मूळची एमजी म्हणजे ऑक्सफर्डच्या मॉरिस गॅरेजेसची. तिचा अ‍ॅबिंग्डनचा कारखाना १९८० मध्ये बंद पडला आणि तिचं अष्टकोनी चिन्ह हिंडत हिंडत शेवटी चिनी मालकांकडे गेलं. एमजीशी आपलं नातं मात्र हेक्टरहून जुनं आहे. आपली अँबॅसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्डच. तिच्यातलं १४८९ सीसीचं इंजिन आणि १९५५ साली आलेल्या एमजीए या देखण्या स्पोर्ट्स कारचं इंजिन एकाच घराण्यातलं. म्हणजे सीटांवर पांढरे टॉवेल घालून मंत्रालयाच्या पोर्चमध्ये उभी राहणारी ती, आणि केस उडवत समुद्रकाठच्या रस्त्याने पळणारी ही, दोघी बहिणी. एकीला सरकारी नोकरी लागली एवढंच.

मिजेट म्हणजे एमजीच्या घराण्यातलं शेंडेफळ. लांबीला जेमतेम साडेतीन मीटर, म्हणजे आपल्या मारुती आठशेपेक्षा वीतभर जास्त. वजन सातशे किलोच्या आसपास, इंजिन १२७५ सीसीचं, घोडे पासष्ट. माणसं दोनच बसतात, तीही आधी एकमेकांशी बोलून हातपाय कुठे ठेवायचे ते ठरवून. आत शिरताना आधी एक पाय, मग कंबर, मग देवाचं नाव, मग दुसरा पाय. बसल्यावर शेजारून जाणाऱ्या ट्रकचं चाक आपल्या कानाशी येतं. उतरताना मात्र कोणाला तरी हात द्यावा लागतो. मी गेलो तेव्हा मला दोघांनी दिला होता.

गाडी हिरवी. ब्रिटिश रेसिंग ग्रीन नावाचा तो गडद, गंभीर हिरवा. दृष्ट लागावी अशी दिसते. मागून तर विशेषच: छोटंसं, किंचित उतरतं डिकीचं झाकण, दोन बाजूंना दोन दिवे, मध्ये कुलूप. मिजेट जिच्यावरून घडली त्या १९५८ च्या ऑस्टिन-हीली स्प्राइटला डिकीचं झाकणच नव्हतं. सीटा पुढे वाकवून सामान आत ढकलायचं आणि मुक्कामाला पोचल्यावर डोकं खुपसून ओढून काढायचं. झाकण आलं ते १९६१ मध्ये. इतक्या प्रतीक्षेनंतर मिळालेल्या त्या झाकणावर साडूंची नजर गेली आणि त्यांना वाटलं, इथे काहीतरी कमी आहे.

कमी होता तो स्पॉयलर: डिकीच्या झाकणावर बसवायची, वाऱ्याच्या जोराने गाडीला खाली दाबणारी पट्टी.

याचं मूळ एका पोर्शमध्ये आहे. कुठल्याशा गाड्यांच्या मेळाव्यात त्यांनी ९११ कॅरेरा आरएस २.७ पाहिली. १९७२ च्या पॅरिसच्या प्रदर्शनात आलेली ही गाडी. तिच्या मागच्या झाकणाला बदकाच्या शेपटीसारखा वर वळलेला ओठ आहे आणि जगातले निम्मे मोटारवेडे त्या ओठावर जीव टाकतात. त्याला कारण होतं. ९११ चा पाठीचा उतार असा, की वेग वाढला की वारा तिला मागून उचलायला बघायचा. इंजिन मागे, वजन मागे, आणि नेमकं तेच टोक जोरात जाताना हलकं. त्या शेपटीने ते उचलणं बरंच कमी केलं. गाडी होती दोनशे दहा घोड्यांची आणि पळायची ताशी दोनशे चाळीसच्या वर. साडूंची गाडी पासष्ट घोड्यांची. जीव तोडून पळाली तर दीडशे. पण प्रेमात पडलेल्या माणसाला आकडे सांगायचे नसतात.

गंमत म्हणजे साडू स्वतः इंजिनिअर, व्हीजेटीआयचे. त्यामुळे हौस आहे म्हणून बसवतो, असं म्हणून मोकळं होणं त्यांना शक्य नव्हतं. त्यांना कारण हवं होतं, आणि ते एक्सेलमध्ये हवं होतं.

त्यांनी मला तो तक्ता दाखवला. हिशेब साधा आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट, वेग निम्मा तर जोर पाव. इंग्लंडात मोटरवेवर कायद्याने ताशी सत्तर मैल, म्हणजे एकशे तेरा किलोमीटर जाता येतं. डिकीवर मावेल एवढी पट्टी घेतली, तर त्या वेगाला ती गाडीला खाली दाबणार साडेचार किलोने. गावात चाळीसने चाललात तर अर्धा किलो. पट्टीचं स्वतःचं वजन, बोल्ट आणि वायसर धरून, तीन किलो. म्हणजे गावात वाऱ्यापेक्षा पट्टीचं वजनच गाडीला जास्त दाबतं.

आकडा मनासारखा येईना म्हणून साडूंनी वेगाचा रकाना वाढवत नेला. निदान चाळीस किलो दाब पडावा अशी त्यांची माफक अपेक्षा होती. त्यासाठी ताशी तीनशे चाळीस किलोमीटर वेग लागत होता.

ताई, म्हणजे माझी मेहुणी, चहा घेऊन आली होती. तिने खांद्यावरून तक्ता पाहिला.

"साडेचार किलोच ना? डिकीत दहा किलोची आट्याची पिशवी ठेवा. उभ्या गाडीलाही दाबेल. आणि घरातला आटा संपला की पोळ्याही होतील."

यावर तांत्रिक उत्तर नव्हतं. साडूंनी देण्याचा प्रयत्न केला. पिशवीचं वजन वळणावर गाडीला बाहेर ओढतं, वाऱ्याचा दाब तसं करत नाही, हे त्यांनी सांगितलं, आणि ते शंभर टक्के खरंही आहे. पण आट्याच्या पिशवीपुढे खरेपणाचा टिकाव लागत नाही. मग त्यांनी ऑडी टीटीचा दाखला काढला. हाही खरा. १९९८ साली आलेली ती गोंडस गाडी जर्मनीच्या ऑटोबानवर भन्नाट वेगात सुटली, अपघात झाले, आणि कंपनीला विकलेल्या गाड्या परत बोलावून मागे स्पॉयलर बसवून द्यावा लागला. "बघ, माणसं जिवाला मुकली!" साडू म्हणाले. ताईने विचारलं, "तुम्ही मागच्या खेपेला ऑटोबानवर कधी गेला होता?" साडू किराण्यासाठी टेस्कोला जातात. फार तर रविवारी जवळच्या हेन्लीपर्यंत.

या स्पॉयलर-प्रकरणाचा इतिहासही त्यांना तोंडपाठ. १९६१ मध्ये मोंझाला रिची गिन्थर या चालकाच्या कल्पनेवरून फेरारीच्या मागे पत्र्याची पट्टी बसली, ती आद्य पट्टी मानतात. पुढे शर्यतींच्या गाड्यांवर काठ्यांच्या आधाराने उंच पंख उभे राहिले. १९६९ मध्ये बार्सिलोनाच्या शर्यतीत दोन्ही लोटस गाड्यांचे पंख मोडून अपघात झाले आणि लगेच पुढच्या मोनॅको शर्यतीत त्या उंच पंखांवर बंदी आली. हे सगळं साडू अशा सुरात सांगतात, की जणू आपल्या घराण्यात पूर्वी कोणीतरी पानिपतावर पडलं होतं.

मग प्रयोग झाला. गाडीवरून वारा कसा वाहतो हे पाहण्याची जुनी आणि स्वस्त रीत म्हणजे लोकर. बोटभर लांबीचे धागे चिकटपट्टीने झाकणावर लावायचे, गाडी पळवायची आणि मागून दुसऱ्या गाडीतून पाहायचं. धागा सरळ मागे पडून राहिला तर वारा पत्र्याला धरून वाहतोय. फडफडला तर त्याने पत्रा सोडला. आमच्या हिने ताईसाठी मुंबईहून नेलेल्या लोकरीचा पहिला उपयोग हा झाला. नारिंगी धाग्यांच्या पाच ओळी. साडूंनी त्या फुटपट्टीने आखून लावल्या. हिरव्या गाडीच्या मागे नारिंगी धागे, छत उघडं, साडूंच्या डोक्यावर कानटोपी. मागच्या गाडीत ताई चालवायला आणि मी मोबाइल धरून.

उघड्या गाडीत वारा समोरून लागेल अशी आपली कल्पना असते. तसं होत नाही. पुढच्या काचेवरून उडी मारून तो वर जातो, सीटांच्या जागी पोकळी होते, आणि ती भरायला वारा मागून उलटा येतो. म्हणून असल्या गाडीत बसलेल्या बाईचे केस तोंडावर येतात आणि सिनेमात मागे उडतात ते पंख्याने. लोकरीने हेच दाखवलं. झाकणाच्या कडेचे धागे शिस्तीत मागे. मधले मात्र जमेल तसे: काही पुढे, काही वर, आणि एक स्वतःभोवती गरगर फिरून शेवटी सुटून आमच्या काचेवर येऊन बसला.

घरी आल्यावर चित्रफीत चार वेळा पाहिली. ताई म्हणाली, "अहो, तुमचा स्पॉयलर जिथे बसणार तिथे धड वाराच नाहीये."

साडू म्हणाले, "म्हणूनच तर!"

या दोन शब्दांनंतर मी वाद घालायचं सोडलं आणि पाना धरून उभा राहण्याचं काम पत्करलं.

स्पॉयलर फायबरचा आला, राखाडी प्रायमर लावलेला. तो बसवायचा म्हणजे झाकणाला भोकं पाडायची. अर्धशतक टिकलेल्या पत्र्याला ड्रिल लावताना इंजिनिअरचाही हात थरथरतो. त्यातून इंग्लंडचा पाऊस. भोकातून पाणी शिरलं की गंज, आणि गंज म्हटलं की या जुन्या गाड्यांच्या मालकांच्या चेहऱ्यावर एकदम रुग्णालयाबाहेरचे भाव येतात. म्हणून आधी सगळ्या झाकणावर मास्किंग टेप, टेपवर पेन्सिलीने मध्यरेषा, मग पुठ्ठ्याचा साचा.

मध्यरेषेशीच घोडं अडलं. झाकणाच्या रुंदीचा मध्य काढला तर तो कुलपाच्या डावीकडे आला. कुलूप मध्य धरावं, तर नंबरप्लेट उजवीकडे राहिली. नंबरप्लेट प्रमाण मानली, तर दोन्ही दिव्यांपासूनचं अंतर जुळेना. फरक काही मिलिमीटरचाच, पण गाडीला तीन मध्य निघाले आणि तिन्ही खरे. ही गाडी पन्नास वर्षांपूर्वी हातांनी जुळवली गेलेली. आणि मधल्या काळात कोणी मागून ठोकली असेल, कोणी लांबी भरून रंग दिला असेल. साडू मोजपट्टी घेऊन तिथेच बसले. मोजायचे, पुसायचे, परत मोजायचे. दुपार टळली. शेवटी ताई बाहेर आली, फाटकापर्यंत मागे गेली, एक डोळा मिटला आणि म्हणाली, "थोडं डावीकडे. अजून. हां, बस." तिथे खुणा केल्या. नंतर मी हळूच मोजलं, तर ती जागा तिन्ही मध्यांपैकी एकाशीही जुळत नव्हती. दिसायला मात्र बरोब्बर मध्ये होती आणि अजूनही आहे.

रंगाचं फार सांगत नाही. डबा नव्या हिरव्याचा, गाडी उन्हापावसात पिकलेल्या हिरव्याची. दोन हिरव्यांचं जुळलं नाही. सावलीत उभी केली की कळत नाही, म्हणून ती आता सावलीत उभी असते.

शेजारी एक निवृत्त इंग्रज गृहस्थ राहतात. ते कुत्रा फिरवून येताना थांबले. स्पॉयलर पाहिला. बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "आज पाऊस येईलसं वाटत नाही." आणि गेले. साडू रात्री नीट जेवले नाहीत. हीच गाडी डोंबिवलीत सोसायटीच्या आवारात असती, तर वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत सगळ्यांनी हात फिरवून पाहिला असता, "केवढ्याला पडला?" विचारलं असतं आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर याहून स्वस्तात मिळाला असता असंही सांगितलं असतं. टीका झाली असती, पण माणसाला बरं वाटलं असतं.

खरी कसोटी पुढे होती. तिकडे गाडीत काही बदल केला की विमा कंपनीला कळवावं लागतं. साडूंनी फोन लावला. पलीकडच्या मुलीने नेमका प्रश्न विचारला: या बदलाने गाडीची कामगिरी वाढते का?

मी समोर बसलो होतो. साडूंच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते पाहिलं. हो म्हणावं तर हप्ता वाढणार. नाही म्हणावं तर तो एक्सेलचा तक्ता, ती लोकर, ती बदकाची शेपटी, गिन्थर, मोनॅको, सगळं पाण्यात. क्षणभर थांबून, आवाज खाली घेऊन ते इंग्रजीत म्हणाले, "छे हो, काहीच नाही. निव्वळ शोभेचा आहे."

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. ते आपण पाडलं नव्हतं, असं ताई अजून म्हणते.

हप्ता वाढला नाही.

पुढच्या रविवारी एका पबच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा होता. तिथे दोन पंथ असतात. एक सोवळ्यातला: गाडी कारखान्यातून निघाली तशीच हवी, स्क्रूचं डोकंसुद्धा त्या काळातलं हवं. १९७४ मध्ये अमेरिकेच्या नियमांपायी मिजेटला काळे रबरी बंपर आले आणि प्रतिस्पर्धी ट्रायम्फ स्पिटफायरचं १४९३ सीसीचं इंजिन बसलं, हा सोयरीकसंबंध या मंडळींनी अजून मनाने मान्य केलेला नाही. दुसरा पंथ मोकळा: गाडी माझी, पत्रा माझा. साडूंची गाडी मधोमध उभी राहिली आणि दोन्हीकडची माणसं जमली. ऐंशीच्या पुढचे एक आजोबा, टायला अष्टकोनी पिन, गुडघ्यावर बसले. बसायला वेळ लागला. बोटाच्या पेराने स्पॉयलरवर टकटक केलं, खालून हात घालून बोल्ट चाचपले आणि वर बघून फक्त एवढंच विचारलं, "काढता येतो ना?"

साडू म्हणाले, "हो, येतो." आजोबांच्या तोंडावर रंग परतला.

मी परत आलो तेव्हापासून रस्त्यावरच्या गाड्या मागूनच बघतो. आपल्याकडे एके काळी झेन आणि आठशेवर स्पॉयलरचं पीकच आलं होतं. त्या गाड्यांना ओढतात पुढची चाकं, त्यामुळे मागे दाब पाडून ओढीची पकड वाढवायचा संबंधच नाही. काहींच्या स्पॉयलरमध्ये लाल दिव्यांची ओळ, ब्रेक दाबला की डावीकडून उजवीकडे धावणारी. खाली "आईचा आशीर्वाद". पुण्यात नाना पेठेत एका तरुणाला मी विचारलंच, की याचा फायदा काय. तो म्हणाला, "भारी दिसतं ना काका." एवढंच. ना एक्सेल, ना लोकर. आमच्या साडूंना याच वाक्याशी यायला व्हीजेटीआयची पदवी आणि विमा कंपनीचा फोन लागला. माझं मत त्या तरुणाच्या बाजूने पडलं आहे.

तरीही तुमच्या घरी जुनी गाडी असेल आणि तिला शेपूट लावायचं मनात आलं असेल, तर एक ऐका. २०२१ पासून आपल्याकडे पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना "व्हीए" अक्षरांची खास नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचं शुल्क वीस हजार रुपये आणि अट अशी, की गाडी मूळ रूपात राखलेली हवी. तेव्हा मूळ झाकणाला ड्रिल लावू नका. भंगारातून किंवा जुन्या बाजारातून दुसरं झाकण मिळवा, भोकं त्याला पाडा. मूळचं तेल लावून, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवा. साडूंनी तेच केलं होतं, म्हणून तर आजोबांना इतक्या ठामपणे "येतो" म्हणाले.